ध्यानाला बसायचंय, पण सुरुवात कुठून करू?

ध्यान शिकायचं म्हणून चौकशी करणारी बहुतेक माणसं आधीच सांगून टाकतात, "माझं मन फार चंचल आहे हो, मला काही हे जमायचं नाही." त्यांना माझं उत्तर एकच असतं: ही विद्या चंचल मनाच्या माणसांसाठीच आहे. मन सगळ्यांचंच पळतं. २०१० मध्ये हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या दोघांनी २,२५० प्रौढांना दिवसात अधूनमधून फोनवरच्या अ‍ॅपमधून विचारलं, आत्ता काय करताय, लक्ष कशात आहे, कसं वाटतंय? जागेपणीचा जवळजवळ ४७ टक्के वेळ लोकांचं मन हातातलं काम सोडून भलतीकडेच होतं आणि तेव्हा ती माणसं कमी समाधानी होती. मन एखाद्या गोड विचारात रमलेलं असलं तरी कामात लक्ष असणाऱ्यांपेक्षा ती जास्त सुखी नव्हती.

तेव्हा मन पळणार हे धरूनच चालायचं. शिकायचं आहे ते परत येणं.

कोणती पद्धत घ्यावी

सुरुवातीला मी आनापान सुचवते. आपोआप येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा पाहत राहायचा, बस. श्वास चोवीस तास जवळ असतो, त्याला पैसे पडत नाहीत, कुठल्याही धर्माच्या माणसाला अडचण येत नाही, आणि मनातली खळबळ त्यात लगेच उमटते. राग आला की तो भरभर होतो, दचकलो की अडतो.

महाराष्ट्राला ही पद्धत नवी नाही. सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) मंडालेत जन्मले, ब्रह्मदेशातच ध्यानगुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना ही बौद्ध परंपरेतली ध्यानपद्धत शिकले आणि १९६९ मध्ये भारतात येऊन ती शिकवू लागले. इगतपुरीच्या धम्मगिरी या केंद्रात १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं होत आहेत. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरातले पहिले तीन दिवस निव्वळ आनापानाचे असतात. आपल्याकडच्या कितीतरी शाळांत 'मित्र' उपक्रमातून मुलंही थोडा वेळ हेच करतात. तिकडे अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी ध्यानाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात योगासनंही होती, पण पाया याच बौद्ध परंपरेतल्या सजगतेचा.

तुम्ही आधीपासून माळ ओढत असाल, हरिपाठ म्हणत असाल, तर ते मुळीच सोडू नका. फक्त एका बैठकीत दोन गोष्टी मिसळू नका. नाम घेताना नाम, श्वास पाहताना श्वास.

बसायची तयारी

वेळ रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला बांधा. "सवड मिळाली की बसेन" म्हणणाऱ्याला सवड मिळत नाही. दात घासून झाले की चहा टाकण्याआधी, किंवा संध्याकाळी दिवा लावला की लगेच. पोटभर जेवून बसलात तर डुलक्या येणार, तेव्हा ती वेळ टाळा.

जागा शक्यतो रोज तीच ठेवा. वेगळी खोली लागत नाही, पलंग आणि कपाटामधली जागाही पुरते. सतरंजी किंवा घोंगडी पसरा आणि चादरीची जाड घडी करून बैठकीखाली घ्या, इतकी की गुडघ्यांपेक्षा कंबर चार बोटं वर राहील. ही उंची महत्त्वाची आहे. सपाट जमिनीवर बसलं की कंबर मागे ढळते, पाठीला पोक येतो आणि पाच मिनिटांत सगळं लक्ष पाठदुखीकडे जातं. घडीवर बसलं की पाठ फारसं न ताणता सरळ राहते. साधी मांडी पुरेशी आहे, पद्मासनाचा हट्ट धरू नका. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा, तळपाय जमिनीला टेकलेले आणि जमेल तेवढी पाठ खुर्चीला न टेकता. खुर्चीवरचं ध्यान कमी प्रतीचं असतं, असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका.

फोनवर दहा मिनिटांचा टायमर लावा, एअरप्लेन मोड करा आणि फोन हात पोहोचणार नाही इतका लांब ठेवा. घरच्यांना आधी सांगून ठेवा की दहा मिनिटं हाक मारू नका. लहान मुलांनी पहिले काही दिवस तरी येऊन तुमचे डोळे उघडून बघितले तर चिडू नका, पुढे त्यांचं कुतूहल संपतं.

पहिला आठवडा: रोज दहा मिनिटं

१. बसल्याबसल्या श्वासाकडे धावू नका. आधी आपण बसलो आहोत हे शरीराकडून कळू द्या: मांड्या कुठे टेकल्या आहेत, हात कुठे आहेत, अंगावरून वारा जातोय का. दातांवर दात दाबलेले असतात, ते सैल सोडा. खांदे कानांकडे चढलेले असतात, ते खाली येऊ द्या. कपाळावरची आठी मोकळी करा.

२. डोळे अलगद मिटा. झोप येत असेल तर अर्धवट उघडे ठेवून हातभर अंतरावर जमिनीवर नजर टेकवा.

३. तोंड बंद ठेवा आणि नाकपुड्यांच्या कडा व वरच्या ओठावरची जागा एवढ्याच भागात लक्ष ठेवा. आत येणारी हवा जरा थंड लागते, बाहेर जाणारी कोमट. कधी डावी नाकपुडी मोकळी असते, कधी उजवी. हे कळणं म्हणजेच श्वास पाहणं, डोळ्यांपुढे काही आणायचं नाही.

४. श्वासाला हात लावू नका. लांब असला तर लांब, आखूड असला तर आखूड. तो मुद्दाम खोल घ्यायचा नाही, रोखायचा तर मुळीच नाही. प्राणायाम ही वेगळी साधना आहे, ती वेगळ्या वेळी करा.

५. टायमर वाजला की ताडकन उठू नका. दोन-चार श्वास आणखी बसा, डोळे उघडा, मग उठा.

नाकाशी काहीच जाणवत नसेल तर दोन-तीन श्वास जरा जोराने घ्या, जागा सापडली की पुन्हा सोडून द्या. सर्दीने नाक चोंदलेलं असेल त्या दिवशी पोटाचं वर-खाली होणं पाहा. तीही ब्रह्मदेशातच रुजलेली पद्धत आहे.

काही जणांना नुसता श्वास फारच निसटता वाटतो. त्यांनी पहिले काही दिवस श्वास मोजायला हरकत नाही. पाचव्या शतकातले बौद्ध आचार्य बुद्धघोष यांच्या 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथात यासाठी नेमका नियम दिला आहे: पाचाच्या आत थांबू नका आणि दहाच्या पुढे जाऊ नका. पाचाच्या आत थांबलं की अपुऱ्या जागेत कोंडल्यासारखं मन अस्वस्थ होतं. दहाच्या पुढे गेलं की मन श्वास सोडून आकड्यालाच धरून बसतं. दीड हजार वर्षांपूर्वी शिकवणाऱ्याने नवशिक्याच्या अडचणीकडे किती बारकाईने पाहिलं आहे, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं. मोजताना आकडा चुकला तर शोधत बसू नका, पुन्हा एकपासून सुरू करा. इगतपुरीच्या पद्धतीत मोजणी चालत नाही, म्हणून पुढे तिकडे जायचा विचार असेल तर ही काठी लवकर टाका.

मन पळतं तेव्हा

सगळ्या लेखात हा भाग नीट वाचावा अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण बहुतेक माणसं इथेच सोडून देतात.

होतं असं. एक-दोन श्वास छान दिसतात. तिसऱ्याला उद्याच्या मीटिंगची आठवण येते, तिथून साहेबांचं परवाचं बोलणं, तिथून आपण काय उत्तर द्यायला हवं होतं ते. मनातल्या मनात आपण फडाफड उत्तर देतो, टाळ्याही घेतो. मग गॅसचा नंबर लावायचा राहिलाय. दोन-तीन मिनिटं कुठे गेली याचा पत्ताच नसतो. आणि मग अचानक लक्षात येतं: अरे, मी तर श्वास पाहायला बसलो होतो!

तो क्षण ओळखायला शिका. भरकटल्याचं कळलं म्हणजे जाग आली. ती जाग तुम्ही आणलेली नसते, ती आपोआप येते, पण रोज बसल्याने ती लवकर येऊ लागते. पुढे काय करता यावर सगळं अवलंबून आहे. बहुतेक जण स्वतःला रागावतात, "शी, एवढंही जमत नाही मला." रागावणं हा आणखी एक विचार झाला, आणि त्याला शेपूट लांब असतं. तेव्हा मनात एकदाच "विचार" एवढं म्हणा आणि जो श्वास आत्ता चालू आहे त्यावर या. निसटून गेलेल्या श्वासांचा हिशेब नको. मैफलीत तंबोरा उतरला तर गवई तो लावून घेतो आणि गाणं पुढे चालू राहतं, तेवढ्याच सहजपणे.

दहा मिनिटांत मन वीस वेळा गेलं आणि वीस वेळा परत आणलं, तर ती बैठक उत्तम झाली. मन एकदाच गेलं आणि शेवटपर्यंत आलंच नाही, तरी टायमर वाजल्यावर ते कळलं ना? उद्या पुन्हा बसा. "आजची बैठक चांगली झाली, कालची वाईट" असे गुण देऊ नका. कॅलेंडरवर खूण करायची असेल तर फक्त बसल्याची करा.

एका प्रकारचा विचार मोठा फसवा असतो. ध्यानात अचानक फार उपयोगाचं काहीतरी सुचतं आणि वाटतं, हे लगेच लिहून ठेवायला हवं. उठू नका. महत्त्वाचं असेल तर नंतर आठवेल.

आणि कधी एखादी जुनी, दुखरी आठवण वर येते. तेव्हा तिची गोष्ट मनात पुन्हा सांगत बसण्यापेक्षा ती शरीरात कुठे जाणवतेय ते पाहा: छातीत, घशात, पोटात. तिथला ताठरपणा आणि श्वास, दोन्ही सोबत राहू द्या. सोसवेनासं झालं तर डोळे उघडा, खोलीतल्या वस्तू बघा, उठून पाणी प्या. त्यात हार नाही.

पायाला मुंग्या, डोळ्यांवर झोप

पायाला मुंग्या आल्या तर लगेच हलू नका, चार-पाच श्वास त्या मुंग्याच पाहा, मग सावकाश पाय बदला. गुडघ्यात तीक्ष्ण कळ आली तर मात्र वाट पाहू नका. नाकावर खाज सुटली तर न खाजवता बघा काय होतं, बहुतेक वेळा ती वाढते आणि निघून जाते. झोप येत असेल तर तोंडावर पाणी मारा किंवा उभं राहून करा. आठवडाभर रोजच झोप येत असेल, तर रात्री झोप कमी पडतेय, आधी ती पुरी करा.

शांततेची वाट पाहू नका. कुकरची शिट्टी, शेजारच्या घरातली ड्रिलिंगची मशीन, गणपतीतले स्पीकर हे असणारच. आवाज आला, ऐकू आला, परत श्वास. "हे लोक असे कसे" हा विचार जितका त्रास देतो तितका आवाज देत नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून: आसनावरून उठल्यावर

दहा मिनिटं रुळली की पंधरा, मग वीस करा. आणि दिवसातलं एकच काम निवडा, जे लक्ष ठेवून करायचं. दोन नकोत, एकच.

भांडी घासणं मला यासाठी सगळ्यांत चांगलं वाटतं. पाण्याचा गारवा, साबणाचा निसरडेपणा, स्टीलवर स्टील आपटल्याचा आवाज, घासणी कढईच्या कडेला अडते ते. मन पळालं की हातांकडे परत. पोळ्या लाटणं, कपडे वाळत घालणं, अंगण झाडणं यांतलं काहीही चालेल. पहिला चहाही छान आहे, मात्र त्या वेळी समोर पेपर आणि फोन नको.

खाण्यासाठी कबात-झिन यांच्या कार्यक्रमातला एक प्रयोग प्रसिद्ध आहे, आणि त्यासाठी लागणारी वस्तू आपल्या तासगाव-सांगलीची खासियत आहे: बेदाणा. एक बेदाणा तळहातावर घ्या. त्याच्या सुरकुत्या, उजेडात दिसणारा रंग बघा. बोटांत फिरवा, वास घ्या. जिभेवर ठेवा आणि लगेच चावू नका, तोंडाला पाणी सुटतं ते पाहा. मग एकदाच चावा आणि गोडी कशी पसरते ते बघा. एवढ्याला तीन-चार मिनिटं लागतात. ताटातला प्रत्येक घास असा खाता येणार नाही, पण पहिला घास खाता येतो. टीव्हीसमोर जेवायची सवय असेल तर त्या पहिल्या घासापुरता टीव्ही बंद ठेवा.

लोकलमध्ये किंवा एसटीत उभे असाल तर डोळे उघडेच ठेवून दोन्ही तळपायांवर किती भार आहे, गाडी वळली की तो कसा सरकतो, ते पाहा. दुचाकी किंवा गाडी चालवताना मात्र श्वासाबिसाकडे जाऊ नका. तिथे सगळं लक्ष रस्त्यावर.

फोनसाठी एक छोटा नियम करा: वाजला की उचलण्याआधी एक श्वास पूर्ण होऊ द्या.

राग येतो तेव्हा

रागाची वर्दी आधी शरीरात येते. कुणाचे कान तापतात, कुणाचा जबडा आवळतो, कुणाच्या पोटात खड्डा पडतो. तुमचं काय होतं ते शांत असताना आठवून ठेवा, म्हणजे ऐन वेळी ओळखता येईल. ओळखलं की श्वास सोडणं मुद्दाम लांबवा, तीन-चार वेळा. आनापानात श्वासाला हात लावायचा नाही म्हटलं, पण इथे तो लावला तर चालेल. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे मंदावतात, म्हणून लांब उच्छ्वासाने शरीर निवळू लागतं. मग बोला.

बोला, हे मी जाणून लिहिते आहे. आपल्या घरांत "जरा शांत राहायला शीक" हा उपदेश बहुतेक वेळा सुनेला, धाकट्याला किंवा हाताखालच्या माणसाला ऐकवला जातो. ध्यानाचा वापर अन्याय गिळायला होत असेल तर ते ध्यान चुकीच्या कामाला जुंपलंय. सजग माणसाचा "नाही" जास्त स्पष्ट यावा.

फायदा किती, आणि कुणी जपून

२०१४ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात ४७ चाचण्यांचा, ३,५१५ सहभागींचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम प्रतीचा पुरावा मिळाला की ध्यानाच्या कार्यक्रमांनी थोडा आराम पडतो. एकाग्रता, झोप, वजन यांबाबत तसा भरवशाचा पुरावा मिळाला नाही, आणि औषधं किंवा व्यायामापेक्षा ध्यान सरस आहे असंही दिसलं नाही. मला हा निष्कर्ष फार आवडतो, कारण एवढं मिळणंही पुष्कळ आहे आणि त्यासाठी कुणी खोटी आशा लावण्याची गरज नाही. रक्तदाबाची, मधुमेहाची, मनाच्या आजाराची गोळी ध्यान सुरू केलं म्हणून बंद करू नका.

तीव्र नैराश्य, भास होण्याचा आजार किंवा ताजा मोठा आघात असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि एकट्याने लांब बैठका करू नका. काहींना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट घाबरल्यासारखं होतं, विशेषतः दम्याचा त्रास असलेल्यांना. त्यांनी श्वास सोडून द्यावा आणि तळपायांचा स्पर्श किंवा आजूबाजूचे आवाज धरावेत, काही बिघडत नाही. मन फारच खचलं असेल तर सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

पुढे शिबिराला जायचं असेल तर

दोन-तीन महिने घरी रोज बसल्यावर जाणं बरं, पण तशी अट नाही. विपश्यनेचं शिबिर दहा दिवसांचं असतं. पहाटे चारला घंटा होते, साडेचारला ध्यान सुरू, आणि दिवसाकाठी सुमारे दहा तास बसणं. फोन जमा करतात, वाचन-लेखन बंद, आणि दहाव्या दिवसापर्यंत मौन. संध्याकाळी जेवण नसतं, नव्या साधकांना चहा आणि फळं वगैरे मिळतात. शुल्क काहीच नाही. खर्च आधी शिबिर केलेल्या साधकांच्या दानातून चालतो, आणि दान घेतात तेही शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच. इगतपुरीखेरीज पुण्यात, नाशिकला, नागपूरला आणि कोल्हापूरजवळ आळते इथेही केंद्रं आहेत. नुसती ओळख हवी असेल तर मुंबईत गोराईच्या विश्व विपश्यना पॅगोडात पाहुण्यांना आनापान थोडक्यात शिकवतात.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि जागा लवकर भरतात. अर्जात आजारपण, औषधं, मनाचा जुना त्रास याविषयी विचारतात, तिथे काही लपवू नका. घरी आजारी माणूस किंवा तान्हं मूल असेल तर त्यांची सोय लागल्याशिवाय निघू नका, कारण मध्येच उठून येणं त्रासाचं होतं. सैल, साधे, अंगभर कपडे घ्या. इगतपुरीला जून ते सप्टेंबर फार पाऊस असतो आणि कपडे वाळत नाहीत, तेव्हा दोन जोड जास्तीचे घ्या, छत्री आणि पहाटेसाठी एक शालही.